मारधाड आणि भुतंखेतं: आधी दार कुठे आहे ते दाखवा!

रात्रीचा_शो (इंदिरानगर, नाशिक)

मारधाडपट आणि भयपट हे दोन प्रकार मी सहसा सोडत नाही. थिएटरात लागला तर थिएटरात, नाहीतर ओटीटीवर. घरचे म्हणतात, "याला रक्त आणि किंकाळ्या सोडून काही आवडतच नाही." इतर धाग्यांवर तुकड्यातुकड्यांत बरंच लिहून झालंय, म्हणून आता सगळं एका जागी ओततो. स्पॉयलर शक्यतो टाळलेत. तरी 'किल' आणि 'तुंबाड' पाहिले नसतील तर आधी पाहून या. धागा कुठे पळून जात नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: हाणामारी असो की भूत, प्रेक्षकाला जागा कळली पाहिजे. दार कुठे, जिना कुठे, खिडकीला गज आहेत की नाहीत, पळायचं तर कुठून. हे डोक्यात बसलं की पडद्यावरचा माणूस अडकतो तेव्हा आपणही अडकतो. नाही बसलं तर नुसता ढणढणाट.

'किल' (२०२४) घ्या. दिग्दर्शक निखिल नागेश भट. रांचीहून दिल्लीला निघालेली गाडी, तिच्यात दरोडेखोरांचं अख्खं खटलं आणि सुट्टीवरचा एक कमांडो. एसी डब्यातली ती चिंचोळी वाट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. समोरून चहावाला आला तरी अंग चोरावं लागतं, तिथे कसली हवेत उडून मारलेली लाथ? त्यामुळे मारामारी आपोआप कोपर, गुडघा, डोकं आणि हाताला लागेल त्या वस्तूवर येते. आग विझवायचा सिलिंडर कशाकशाला वापरता येतो ते बघून मी खुर्चीत मागे सरकलो होतो. सिनेमाचं नाव पडद्यावर येतं ते जवळजवळ मध्यावर, आणि त्या क्षणी सिनेमाची जातच बदलते. अजून एक गोष्ट फार कमी जणांनी लिहिली. हे दरोडेखोर एकमेकांचे काका, पुतणे, भाऊ आहेत. एक मेला की बाकीचे खरोखर रडतात. आपल्या मारधाडपटांत व्हिलनच्या माणसांना आई-बाप नसतात, इथे आहेत. म्हणून नायकाचा राग पटत असूनही पोटात ढवळतं.

तसाच 'जॉन विक'चा चौथा भाग (२०२३). पॅरिसमधल्या त्या पडक्या इमारतीत कॅमेरा छताच्या वर जातो आणि सगळ्या खोल्या आपल्याला वरून दिसतात. कोण कुठल्या भिंतीआड दबा धरून बसलाय हे आपल्याला जॉनच्या आधी कळतं. दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की स्वतः स्टंटमन होता, 'मॅट्रिक्स'मध्ये कीआनू रीव्ह्जच्या जागी त्याने मार खाल्लाय. मार खाल्लेल्या माणसाला जागेची किंमत कळते. 'किल'चा इंग्रजी रिमेक करायचं याच्याच कंपनीने जाहीर केलंय, यात मला तरी नवल वाटलं नाही. टॉम क्रूझच्या शेवटच्या 'मिशन इम्पॉसिबल'मध्ये (२०२५) बोलबच्चन उदंड आहे, पण समुद्राच्या तळाशी गडगडत जाणारी ती पाणबुडी! क्षणात जमिनीचं छत होतं, छताची भिंत होते, संवाद जवळपास शून्य. त्या एका प्रसंगासाठी तिकीट वसूल.

आणि मग आपला 'वॉर २'. देश बदलतात, वाहनं बदलतात, दोन्ही हिरोंचे केस जागच्या जागी. कुणाला लागेल अशी भीती मला एकदाही वाटली नाही.

आता भुतं. 'तुंबाड' पहिल्यांदा २०१८ ला आला तेव्हा नाशकात पटकन उतरला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लावला तर मूळ कमाईपेक्षा जास्त धंदा झाला. का झाला? मला वाटतं, लोकांना तो वाडा आठवत होता. ती विहीर, खाली सोडलेला दोर, पिठाचं रिंगण. नियम आणि नकाशा एकदा कळला की हस्तर, म्हणजे तिथला राक्षस, नुसता हलला तरी पुरे. पाऊसही खरा, कितीतरी पावसाळे थांबून थांबून शूटिंग केलेलं. 'भ्रमयुगम'मध्ये (२०२४, मल्याळम) तर एक पडकं घर आणि मोजून चार माणसं. संपूर्ण कृष्णधवल. मामुटी समोर फाशांचा पट मांडून बसतो आणि आपण मनात म्हणतो, "बाबा रे, खेळू नकोस, ऊठ." 'सिनर्स'मध्ये (२०२५) रक्तपिपासू भुतांना आतून कुणी 'या' म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. म्हणजे अर्धा सिनेमा एका दारावर उभा आहे!

'स्त्री २' आणि 'मुंज्या' मी हसत हसत पाहिले. भीती म्हणाल तर शून्य. 'कॉन्ज्युरिंग'च्या शेवटच्या भागात बरोब्बर जिथे वाटतं तिथेच 'भ्वाँ' होतं. त्याला घाबरणं म्हणत नाहीत, दचकणं म्हणतात, आणि दचकायला माझा अलार्म पुरेसा आहे.

बोला आता.

---

पासधारक

धागा आवडला. नाशिकरोड ते मुंबई रोजचं जाणं-येणं असल्याने 'किल'बद्दल बोलायचा मला विशेष अधिकार आहे असं समजतो. :)

मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे दोन डब्यांमधला जोड. तिथला आवाज, हलणारी लोखंडी पट्टी, संडासाचं अर्धवट उघडं दार. त्या कोपऱ्यात उभं राहून मी आयुष्याचा बराच भाग काढलाय, आणि तिथे माणसाचा तोल मुळातच अर्धा गेलेला असतो. सिनेमातले लोक मारामारी करताना अधूनमधून गाडीच्या हेलकाव्याने आपटतात, ते बारकाईने केलंय. स्टुडिओत डबा उभारलाय हे माहीत असूनही फसलो.

पण एक खटकलं. नायकाला इतके वार बसतात, तरी उत्तरार्धात तो पूर्वार्धापेक्षा जोरात मारतो. असा डबा बघून असं चार्जिंग होत असेल तर आम्हा पासधारकांना का होत नाही?

---

शेवंती

रात्रीचा शो, लिहिलंय मस्त, पण 'जागा' या एका खुंटीवर तुम्ही फारच कपडे टांगलेत.

'वश' पाहिलात का? गुजराती, २०२३ चा. 'शैतान' त्याचाच हिंदी रिमेक. मी दोन्ही पाहिले आणि मूळ गुजराती कितीतरी वरचढ आहे. हिंदीत शेवटाकडे सगळ्याचा उलगडा करायचा सोस आवरत नाही. जानकी बोडीवाला दोन्हीत आहे. गुजरातीसाठी तिला सहाय्यक अभिनेत्रीचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं आणि ते शंभर टक्के योग्य होतं. त्यात काय आहे? चांगलं उजेडाचं घर, सगळी दारं सगळ्यांना माहीत, आई-बाप समोर. अनोळखी माणूस मुलीला म्हणतो हस, ती हसते. म्हणतो थांबू नकोस, ती थांबत नाही. तिथे दार उघडं असलं काय, बंद असलं काय! मला दोन रात्री झोप नव्हती, आणि ती काही घराच्या नकाशामुळे नव्हे. पोटची पोरगी समोर असून आपली राहिलेली नाही, याची ती भीती आहे.

भुताच्या सिनेमात भीती माणसाची असते. वाडा, विहीर हे नेपथ्य.

आणि 'मुंज्या'ला इतकं हसण्यावारी नेऊ नका. सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा पिंपळावर बसतो हे माझ्या आजीने मला अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं होतं. अख्ख्या देशाने ती आपली कोकणातली गोष्ट पाहिली याचं मला अप्रूप वाटलं. सिनेमातली आजी, म्हणजे सुहास जोशी, बघताना मी हसत नव्हते.

---

रात्रीचा_शो

@शेवंती, 'वश'बद्दल शंभर टक्के सहमत, हिंदीबद्दलही. पण तुम्ही माझ्याच बाजूने साक्ष देताय हो! दार उघडं आहे हे आपल्याला सतत दिसत राहतं, म्हणूनच तिचं न जाणं असह्य होतं. तेच घर अंधारात, धुरात, वेड्यावाकड्या कॅमेऱ्याने दाखवलं असतं तर? मग आपण म्हटलं असतं, बिचारीला वाट सापडत नसेल.

@पासधारक, चार्जिंग :D

---

शेवंती

वकील आहात का?

---

ऊस_आणि_द्राक्षं (निफाड)

एरवी वाचनमात्र असतो. पण जागेचा विषय निघाला आणि 'लपाछपी'चं (२०१७) नाव कोणी काढलं नाही म्हणून लिहितो.

तो सिनेमा उसाच्या शेतात घडतो. पूजा सावंत गरोदर असते, नवऱ्याबरोबर उसातल्या एका घरात येऊन राहते, आणि उषा नाईक त्या घरातली बाई. अंधाराचं भांडवल फारसं नाही, दिवसाढवळ्या घाबरवतो. शहरातल्या मित्रांना विचारलं तर म्हणाले, शेताला काय घाबरायचं? त्यांना काय सांगणार.

उभ्या उसात शिरलात की दोन हातांपलीकडचं दिसत नाही. पात्याने हात-तोंड कापतं. पायाखाली पाचट वाजतं, आणि ते आपल्या पायाखालचं वाजतंय की दुसऱ्या कुणाच्या हे ठरवता येत नाही. दहा पावलं आत गेलं की बांध कुठल्या बाजूला राहिला ते कळेनासं होतं. वर आमच्याकडे बिबट्या. ऊस वर्षभर उभा राहतो, पाणी असतं, माणसाची वर्दळ नसते, म्हणून मादी तिथेच पिल्लं घालते. तोडणी सुरू झाली की पिल्लं सापडल्याच्या बातम्या तुम्ही दर हंगामात वाचता. सांजवेळी लाइट आली म्हणून मोटर चालू करायला एकट्याने जायचं असेल तर आम्ही मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून जातो. भजन की लावणी ते बिबट्याच्या आवडीवर.

त्यामुळे 'लपाछपी'मध्ये ती गरोदर नायिका उसातून पळते आणि फिरून फिरून त्याच घरापाशी येते, ते पाहताना माझे हात थंड पडले. इथे मात्र रात्रीचा शो यांच्या उलट आहे बघा. नकाशा कळत नाही हीच तर भीती. दार कुठे आहे ते दिग्दर्शकाने मुद्दामच दाखवलेलं नाही.

---

रात्रीचा_शो

वा! काय प्रतिसाद आहे. तुम्ही वाचनमात्र का राहता?

मुद्द्याला मुद्दा: उसाचा 'नकाशा नाही' हा नियम आपल्याला सुरुवातीला नीट कळतो ना? घर मध्ये, चहूकडे ऊस, बाहेरची वाट एकच. एवढं दिग्दर्शकाने पक्कं केलंय. मग हरवणं ही नायिकेची अडचण होते, प्रेक्षकाची नाही. मला राग येतो तो प्रेक्षकच हरवतो त्या सिनेमांचा.

---

टॉकीजवाले_काका

पोरांनो, तुमच्या चर्चेत नाशिकचं नाव फक्त पत्त्यापुरतं आलंय, म्हणून थोडं अवांतर करतो.

पडद्यावरच्या चमत्कारांची या देशातली सुरुवात आपल्या गावात झाली. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७० चा. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये मुंबईत केला आणि लगेच बिऱ्हाड नाशकात आणलं. जादूचे प्रयोग करायचा त्यांना नाद होता, तो सगळा सिनेमात उतरला. 'लंकादहन' (१९१७) आणि 'कालियामर्दन' (१९१९). दुसऱ्यात कृष्ण झालीय त्यांची स्वतःची मुलगी मंदाकिनी. एवढीशी पोर पाण्याखाली नागाशी झुंजते! आज ती युक्ती कशी केली ते लगेच ओळखू येतं, तरी नजर हटत नाही. कॅमेरा एका जागी ठाम, डोह समोर, नाग कुठून येणार ते दिसतंय. धागाकर्त्याला हवी तशी जागा दाखवून मारामारी. आपले लोक पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारकात जातात, हिरवळीवर भेळ खातात आणि परत येतात.

दुसरं, मध्यंतर. यावर कुणी का बोलत नाही? आमच्या वेळी मेनरोड-अशोकस्तंभ भागातल्या टॉकीजमध्ये ऑपरेटरला कळायचं रीळ कुठे तोडायचं. हिंदी सिनेमे तर मध्यंतर धरूनच लिहिले जातात. इंग्रजीचं तसं नसतं. मध्यंतरी 'वेपन्स' (२०२५) पाहायला नातवाबरोबर एका मॉलमध्ये गेलो. रात्री दोन वाजून सतरा मिनिटांनी एका वर्गातली सतरा मुलं घराबाहेर पळत जातात आणि नाहीशी होतात, ही गोष्ट. एकेका माणसाच्या बाजूने तुकड्यातुकड्यांत सांगितलीय. भीती अशी हळूहळू चढत होती, आणि ऐन प्रसंगात बाई दाराशी गेल्या-गेल्या दिवे! पॉपकॉर्नचा पोऱ्या टॉर्च घेऊन हजर. जाहिराती दहा मिनिटं. परत अंधार झाला तोवर मी वाताच्या गोळीचा विचार करत होतो. भयपटाचं दूध एकदा उतू जायच्या आत गॅस बंद केला की परत तसं येत नाही.

---

पासधारक

काका +१. मध्यंतरात उठून गेलेले लोक निम्म्या प्रसंगात परत येतात आणि तुमच्या-आमच्या गुडघ्यांवरून जातात ते वेगळंच.

---

अनुस्वार

धागा वाचताना एक गोष्ट सलत होती.

'तुंबाड'चा राही अनिल बर्वे मराठी, कथेमागे प्रेरणा नारायण धारपांची. सिनेमा हिंदी. 'मुंज्या'चा आदित्य सरपोतदार मराठी. त्याने आधी २०२२ मध्ये मराठीत 'झोंबिवली' केला, डोंबिवलीत झोंबी, धमाल कल्पना. नंतर 'मुंज्या' आणि 'थामा' हिंदी. 'लपाछपी'च्या विशाल फुरियाने तोच सिनेमा 'छोरी' म्हणून हिंदीत केला, मग 'छोरी २', मग काजोलला घेऊन 'माँ'. म्हणजे हिंदी भयपटाची निम्मी दुकानं आपली माणसं चालवतात. आणि मराठीत? वर्षाकाठी कधीतरी एखादा, सकाळी साडेदहाचा शो. भुताचा सिनेमा सकाळी साडेदहाला कोण बघतं हो? अंगणात रांगोळी वाळायच्या आत भूत?

धारप आणि मतकरी वाचून आपल्या दोन पिढ्या रात्री संडासला जायला घाबरल्या. सामग्रीला तोटा नाही. पैसा लावणाऱ्याला वाटतं मराठी प्रेक्षक फक्त कौटुंबिक आणि ऐतिहासिकला येतो.

---

शेवंती

@अनुस्वार, पैसा लावणाऱ्यावर सगळं ढकलू नका. 'झोंबिवली' तुम्ही थिएटरात पाहिलात का? मी पाहिला, तेव्हा आमच्या रांगेत मी आणि माझी पर्स. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तोच विषय निघाला तर चार जण म्हणाले, "ओटीटीवर येईल की." आपणच वाट बघत बसतो, मग शो दुपारचाही उरत नाही.

---

अनुस्वार

थिएटरातच पाहिला. सकाळी साडेदहाला.

---

प्लास्टर_ऑफ_नाशिक

अस्थिरोग विभागात नोकरी करते, त्यामुळे मारधाडपट माझ्याबरोबर बघायला घरचे तयार नसतात. मी सारखी 'याचा खांदा निखळला', 'हा आता सहा आठवडे पायावर उभा राहणार नाही' असं पुटपुटते.

'मार्को' (२०२४, मल्याळम) अर्ध्यावर बंद केला. रक्ताची मला सवय आहे, तो प्रश्न नव्हता. लहान मुलं आणि गरोदर बाई यांच्यावरची हिंसा तिथे निव्वळ प्रेक्षकाला हादरा द्यायला ठेवलीय असं वाटलं. 'किल'मध्येही क्रौर्य आहे, पण प्रत्येक वाराचा हिशोब पुढे कुठेतरी द्यावा लागतो, वर कुणीतरी लिहिलंय तसं रडणारी माणसं आहेत. 'मार्को'त तसं कुणी उरतच नाही. 'धुरंधर' (२०२५) साडेतीन तासांचा, तरी मला चालला, कारण अक्षय खन्ना. तो नुसता गाडीतून उतरला तरी खोलीतलं तापमान बदलतं. मात्र कराचीच्या ल्यारीचा जो मोहल्ला उभारलाय तो धागाकर्त्यांच्या भाषेत 'कळतो'. गल्ली, गच्ची, चौक सगळं. पोटात सुरा खाल्लेला माणूस इतका पळू शकत नाही, हे मात्र सर्व दिग्दर्शकांना माझं कळकळीचं सांगणं.

---

नवखा_नाशिककर

मुलगा चौदा वर्षांचा आहे, यातलं काय दाखवू? भुताचं हवं म्हणून मागे लागलाय.

---

रात्रीचा_शो

@नवखा_नाशिककर, 'मुंज्या' आणि 'स्त्री २' बिनधास्त. 'किल', 'मार्को' आणि 'सिनर्स' प्रौढांसाठीच आहेत, ते राहू द्या. हल्ली यूए प्रमाणपत्रात सात, तेरा आणि सोळा असे वयाचे वेगळे टप्पे आलेत, तिकीट काढताना ते बघून घ्या. 'झोंबिवली'ही चालेल, आणि तेवढाच अनुस्वार यांना दिलासा.

@प्लास्टर, 'मार्को'बद्दल अगदी हेच. शेवटपर्यंत पाहिला पण आतून कोरडा राहिलो. तुमच्याबरोबर मात्र एक सिनेमा पाहायचाय.

@काका, 'कालियामर्दन' आज रात्रीच लावतो.

आणि सगळ्यांना: 'भ्रमयुगम' पाहायचा राहिला असेल तर मोठ्या पडद्याची सोय करा. घरी असेल तर दिवे बंद, फोन दुसऱ्या खोलीत. त्यात उजेड-सावली हेच सगळं आहे. फोनवर तर मुळीच बघू नका.

---

पासधारक

मी फोनवरच पाहिला. अर्धा जाताना, अर्धा येताना.

---

टॉकीजवाले_काका

फोनवर! तळहाताएवढा मामुटी! अरे, तुला देव क्षमा करील, मी नाही.

---

पासधारक

काका, हेडफोन चांगले होते हो. आणि बोगदे आले की अंधार फुकटात. शेजारच्या सीटवरचे गृहस्थ तर इगतपुरीपासून माझ्या फोनमध्ये डोकावत होते. मल्याळमचा गंध नाही, सबटायटल त्या अंतरावरून दिसत नव्हती, तरी फासे पडले की "अर्रर्र" म्हणायचे. त्यांना कल्याणला उतरायचं होतं. उतरले ठाण्याला.